मागे बत्तीस

आमच्या पल्सरच्या चेनकव्हरवर एक स्टिकर आहे. अर्धं सोललेलं, चिखलाने माखलेलं. ओल्या फडक्याने पुसलं की तीन आकडे दिसतात. पुढच्या टायरला 25, मागच्याला 28, आणि मागे माणूस बसणार असेल तर मागच्याला 32. डॅडींनी ही गाडी घेतली तेव्हा मी दुसरीत होते, म्हणजे स्टिकर मी जवळजवळ रोज बघत होते. वाचलं मात्र गाडी पडल्यावर.

आमच्या घरात हवेचा एकच आकडा होता, चाळीस. रविवारी मिस्साला निघालो की डॅडी वाटेत पंपावर थांबायचे. मी पुढे टाकीवर, ममा मागे साडी सावरत. पोरगा नळी घेऊन आला की डॅडी म्हणायचे, "दोन्हीला चाळीस मार. सारखं सारखं कोण येतंय?" एकदा चाळीस मारली की दीड-दोन महिने बघायला नको, असा हिशेब. मग खाली वाकून टायर अंगठ्याने दाबून बघायचे. दबला नाही की खूश. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत तीस वर्षं साचे घातलेला माणूस. वस्तू टणक असली की ती चांगली, असं त्यांचं साधं मत. आणि खरं सांगायचं तर आमच्या गल्लीत कुणाचंही मत ह्याहून वेगळं नव्हतं.

2022 मध्ये साखरेने डॅडींच्या उजव्या डोळ्याला गाठलं. डाव्यानेही बारीक अक्षर दिसेना. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. मी नुकतंच लायसन काढलं होतं, ते स्कूटीवर फिरायला म्हणून, पण दारात उभी होती पल्सर. चार-सहा दिवस मैदानावर फेऱ्या मारल्या, दोनदा उभ्या उभ्या पाडली, आणि मग एका रविवारी मी पुढे आणि डॅडी मागे असे मिस्साला गेलो. पंपावरच्या पोराने नळी हातात घेऊन माझ्या डोक्यावरून मागे विचारलं, "अंकल, किती मारू?" हे अजूनही होतं. आता मी आकडा आधीच सांगून टाकते.

तर टायर. 2023 च्या एप्रिलमध्ये मागचा टायर बदलायला झाला होता. गोटा नव्हता झाला, पण विचित्र झिजला होता: मधली पट्टी सपाट, दोन्ही कडांना नक्षी नव्यासारखी शाबूत. मागून बघितलं तर गोल दिसायच्या ऐवजी डब्यासारखा चौकोनी दिसायचा. तेव्हा कारण कळलं नव्हतं. खानापूर रोडने उद्यमबागेला वर्षानुवर्षं सरळ जायचं आणि सरळ यायचं, तेही चाळीस हवेवर. जास्त हवेने टायर मध्ये फुगतो, रस्त्याला फक्त मधला भाग टेकतो, तेवढाच झिजतो. अशा टायरवर सरळ रस्त्यावर काही जाणवत नाही. वळणावर गाडी कलंडायला लागली की त्या सपाट पट्टीची धार येते, आणि धार ओलांडली की गाडी एकदम आत पडल्यासारखी होते. मला वाटायचं, मलाच चालवता येत नाही.

टायर घ्यायला आम्ही दोघं गेलो. दुकानदार डॅडींच्या ओळखीचा. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही. चहा मागवला, फाउंड्रीतल्या जुन्या लोकांची चौकशी झाली, मग घासाघीस. डॅडी मजेत होते. गाडी हातची गेल्यापासून ते गाडीबद्दल बोलायचंच टाळत होते, आणि त्या दिवशी मात्र स्टुलावर बसून, एक पाय दुसऱ्यावर टाकून, "तीनशे कमी कर, नाहीतर उठतो बघ," असं चाललं होतं. दुकानदाराने तीनशे कमी केले. पोरगा आतून टायर घेऊन आला आणि माझ्या पायाशी टेकवून ठेवला.

मी साहित्याची विद्यार्थिनी, समोर अक्षरं आली की वाचते. टायरच्या बाजूवर वाचायला पुष्कळ असतं. 100/90-17, मग 55पी. म्हणजे रुंदी 100 मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या 90 टक्के, रिम 17 इंचांची. 55 हा वजनाचा सांकेतिक आकडा, त्याचा अर्थ हा एक टायर 218 किलो पेलू शकतो. पी म्हणजे ताशी 150 किलोमीटरपर्यंत चालेल. एक बाण असतो, तो चाक फिरायच्या दिशेने बसवायचा. आणि कुठेतरी लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. हे मला शिवोलीच्या माझ्या मावसभावाने कधीतरी सांगितलं होतं. तो गाड्यांचा वेडा आहे.

त्या टायरवर होतं 1118. म्हणजे 2018 सालातला अकरावा आठवडा. टायर पाच वर्षांचा होता, कुठेतरी माळ्यावर पडून राहिलेला. नक्षी कोरीव, त्यावरचे रबराचे केसही तसेच. पण रबर काही न करता नुसतं पडून राहिलं तरी म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन, ऊन, उकाडा त्याचा मऊपणा काढून घेतात. पाच वर्षांचा टायर लगेच फुटतो असं नाही. पण नवा म्हणून, नव्याच्या पैशात घ्यावा असाही नाही.

मी वाचलं, आणि गप्प बसले.

का, ते मला तेव्हाही माहीत होतं. डॅडींना तो आकडा दिसणारच नव्हता. तिथे डोळे असलेली मी एकटी. बोलले असते तर तीनशे रुपयांचा तो विजय तिथल्या तिथे, ओळखीच्या माणसासमोर, चहाच्या पेल्यासकट उलटा झाला असता. मनाला म्हटलं, आपण काय रेस खेळतो का? कॉलेज, मार्केट, रविवारचं चर्च. चालतंय की.

टायर बसला. चाळीस हवा मारली. डॅडींनी अंगठ्याने दाबून बघितला.

24 जून म्हणजे सांजांव. शिवोलीला मावशीकडे दरवर्षी बोलावणं असतं. डोक्यावर फुलांचं कोपेल, विहिरीत उड्या, घरोघरी पाहुणे. त्या वर्षी पाऊस लांबला होता. आदल्या दिवशी, 23 तारखेला सकाळी आम्ही निघालो तेव्हा बेळगावात नुसतं ढगाळ होतं. ममा बसने पुढे गेली होती. जांबोटी सोडली आणि भुरभुर सुरू झाली. कणकुंबीला चहा घेतला, तिथेच मलप्रभेचा उगम, डॅडी दरवेळी दाखवतात आणि मी दरवेळी बघते. चोर्ला उतरायला लागलो तेव्हा रस्ता काळा, चकचकीत झाला होता. बरेच दिवस कोरड्या असलेल्या रस्त्यावर पहिला पाऊस पडतो तो सगळ्यात वाईट. ट्रकांचं सांडलेलं तेल आणि धूळ मिळून त्याचा लेप होतो. चार दिवस धो धो पडला की धुऊन जातो. हे आता माहीत आहे.

वेग तिशीच्या आसपास असेल. डावं वळण, समोरून येणारा टेम्पो थोडा माझ्या बाजूला आलेला. मी घाबरून पायातला ब्रेक दाबला. मागचं चाक जागच्या जागी थांबलं आणि गाडीचा मागचा भाग पोहत निघाल्यासारखा बाजूला गेला. आवाजसुद्धा झाला नाही. मी गाडीबरोबर घसरले, रेनकोट फाटला, गुडघा सोलला. डॅडी डाव्या हातावर पडले.

भाजी खाली करून बेळगावला परतणारी एक पिकअप थांबली. त्या दोघांनी डॅडींना पुढे बसवलं, गाडी मागे भाजीच्या रिकाम्या क्रेटांमध्ये आडवी टाकली. आपली भाजी पोचवायची नव्हती तरी उलटे फिरून खाली गावातल्या दवाखान्यापर्यंत सोडलं आणि पैसे घेतले नाहीत. मनगट मोडलं होतं. प्लास्टर, सहा आठवडे. डॅडी क्वायरमध्ये व्हायोलिन वाजवतात. पंधरा ऑगस्टच्या सणाला त्या वर्षी क्वायरमध्ये ते नुसते बसून होते, गातही नव्हते.

टायरने पाडलं का? हा प्रश्न मी दीड महिना चघळला, कारण गाडी दीड महिना दारात उभी होती आणि मला तिच्याकडे बघायलाच लागायचं. प्रामाणिकपणे सांगायचं तर ब्रेक मी दाबला. वळणावर, ओल्यात, नुसता मागचा, आणि जोरात. नवा टायर असता तरी कदाचित घसरला असता. पण टायर सोडून देण्याआधी थोडी तरी सूचना देतो म्हणतात, तशी काही मिळाली नाही. एक दिवस शेजाऱ्यांच्या गाडीच्या टायरवर नख दाबलं, खूण उमटली. आमच्यावर दाबलं, नखच दुमडलं. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे. पण त्यावर चाळीस हवा. टायर रस्त्याला टेकतो तो भाग आधीच तळहाताएवढा असतो. जास्त हवेने तो आणखी आकसतो. म्हातारं रबर, आकसलेला तळहात, घाबरलेला पाय. तीन गोष्टी, आणि तिन्हींत मी होते.

त्या दिवसांत ते स्टिकर पुसलं. एक गोष्ट आधी लक्षात आली नव्हती, ती दिसली. मागे माणूस बसला तरी पुढचा आकडा बदलत नाही. 25 चे 25 च. कारण मागे बसणाऱ्याचं वजन जवळजवळ सगळं मागच्या चाकावर जातं. म्हणून फक्त तिथे 28 चे 32. गाडी बनवणाऱ्यांनी तिच्या वजनाचा, रिमचा, टायरच्या साइजचा हिशेब करून तो आकडा काढलेला असतो. टायरच्या बाजूवरही हवेचा एक आकडा सापडतो, पण तो टायर जास्तीत जास्त किती सहन करेल त्याचा. तो बघून हवा मारणारे कॉलेजमध्ये मला चार तरी भेटले.

आणि उलटे वागणारेही. पावसाळा आला की आमच्या वर्गातली मुलं हवा 20 वर आणतात. "ग्रिप येते." चिखलात, शेताच्या वाटेने जाणाऱ्याला येतही असेल. डांबरी रस्त्यावर पाऊस पडतो तेव्हा टायरला पाणी नक्षीच्या खाचांतून बाहेर ढकलायचं असतं, आणि त्यासाठी रस्त्यावर घट्ट टेकायला लागतं. हवा कमी असली की मधला भाग आत दबतो, खाचा मिटतात, पाणी जायला वाट राहत नाही. शिवाय बाजू सारख्या वाकतात, टायर तापतो, हँडल जड लागतं, वळणावर गाडी डुलते. पावसात आकडा तोच ठेवायचा. कमी करायचा तो वेग.

मावसभावाचा सल्ला वेगळाच होता. "मागे 120 चा टाक, रुबाब येतोय." आपल्या पार्किंगमध्ये असा रुबाब खूप दिसतो. रुंद टायर अरुंद रिमवर चढवला की तो आवळला जातो, त्याचा आकार बिघडतो, गाडी वळायला आळस करते, कुणाकुणाचा चेनकव्हरला घासतो, आणि पेट्रोल जास्त पितो ते वेगळंच. घाटात रविवारी जाणाऱ्या माणसाला शर्यतीच्या गाड्यांसारखा मऊ रबराचा टायरही नको. तो छान चिकटतो, पण लवकर संपतो. बटणांचा, मातीवर चालणारा टायर तर डांबरावर आवाज करतो आणि ओल्यात कमीच टेकतो. आमच्यासारख्यांना लागतो तो कंपनीने सांगितलेल्या साइजचा, साध्या रस्त्याच्या नक्षीचा, आणि ताजा. एमआरएफ, सिएट, टीव्हीएस, सगळ्यांकडे असतो. ह्यावर तासन्‌तास वाद घालणाऱ्यांना मी एवढंच विचारते, शेवटची हवा कधी बघितलीस?

ऑगस्टच्या शेवटी डॅडींचं प्लास्टर निघून काही दिवस झाले होते. ते म्हणाले, "गाडी अशीच ठेवणार काय? गंज खाईल."

मी म्हटलं, "टायर बदलायचाय."

"आत्ताच तर घातला."

तेव्हा सांगितलं. स्वयंपाकघरात, ममा भाकरी थापत होती तिच्यासमोर. चार आकडे, त्यांचा अर्थ, मी दुकानातच वाचलेलं. डॅडी बराच वेळ मनगट चोळत बसले. मला वाटलं दुकानदाराला शिव्या घालतील. ते म्हणाले, "मग तेव्हाच का नाही बोललीस?"

मी काय सांगणार? "तुम्ही खूश होता," असं म्हटलं असतं तर ते त्यांना मनगटापेक्षा जास्त लागलं असतं. ममाने तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "आता जाऊन नवा आणा की. बसून काय होणार आहे."

दुसऱ्या दुकानात गेलो. पहिला टायर आला. डॅडी माझ्याकडे न बघता स्टुलावरून उठले, गुडघ्यावर बसले आणि टायरच्या बाजूवरून अंगठा फिरवायला लागले. हळूहळू, कडेकडेने. दुकानातला पोरगा माझ्याकडे बघत होता. मलाही आधी कळेना. मग अंगठा एका जागी थांबला. टायरवरची अक्षरं छापलेली नसतात, साच्यातून उठलेली असतात. आणि साच्यातून उठलेलं अक्षर बोटाने वाचणं हे तर त्यांचं तीस वर्षांचं काम. फाउंड्रीत ओतून आलेल्या प्रत्येक नगावरचा नंबर ते तसाच तपासायचे. "तीन... सात... दोन... एक," ते म्हणाले. "एकवीस सालचा. दुसरा दाखव." दुसरा 22 चा निघाला. तिसऱ्यावर अंगठा थांबला, पुन्हा पहिल्यापासून फिरला. "एक, नऊ, दोन, तीन. बग, बरोबर हाय काय?"

मी वाचलं. 1923. मे महिन्यातला. बरोबर होतं.

घासाघीस त्यांनी केलीच. दीडशे कमी झाले. ट्यूबही नवी टाकली, कारण जुनी ट्यूब नव्या टायरमध्ये दुमडते आणि तिथेच पंक्चर होते, असं दुकानदाराने सांगितलं आणि ते पटलं. नव्या टायरचा पृष्ठभाग सुरुवातीला गुळगुळीत असतो, म्हणून पहिले शंभर-दीडशे किलोमीटर मी म्हशीसारखी चालवली. मागे डॅडी काही बोलले नाहीत. सायकलवाले पुढे जात होते तरी.

हवा बघायचं माप आता आमच्याकडे घरचंच आहे. पंपावरचं आणि आमचं चार पौंडांनी चुकतं, कोण चुकतं ते देव जाणे, पण निदान एकच माप रोज चुकलं तर फरक तरी कळतो. बघायची ती सकाळी, गाडी चालवायच्या आधी, टायर गार असताना. चालवून तापला की आकडा दोन-तीनने वर जातो आणि आपण उगाच हवा सोडून बसतो. नायट्रोजन मात्र आम्ही घेत नाही. साध्या हवेत तो 78 टक्के असतोच. डॅडींचं म्हणणं, उरलेल्या बावीस टक्क्यांसाठी पैसे कशाला?

2024 च्या डिसेंबरात ओल्ड गोव्याला शवप्रदर्शनाला गेलो तेव्हा पुन्हा चोर्लानेच. दहा वर्षांनी येणारा सोहळा, डॅडींना जायचंच होतं, आणि बसने नको म्हणाले. आता बेळगाव समुद्रापासून साधारण साडेसातशे मीटर उंच. खाली उतरलं की बाहेरच्या हवेचा दाब वाढतो, त्यामुळे इथे मारलेल्या 32 चे तिथे एक पौंडाने कमी दिसायला हवेत. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीच्या अंगणात माप लावलं, तर 32 च. गोव्याच्या उकाड्याने तो एक पौंड परत दिला असणार. हे मी मावसभावाला समजावत होते आणि तो जांभया देत होता.

पण मला सांगायचंय ते निघतानाचं. पहाटे अंगणात अंधार होता. मी मोबाईलचा उजेड धरून मागच्या चाकाशी बसले, डॅडी हेल्मेट काखेत धरून बाजूला उभे. ज्या वळणावर पडलो ते वळण वाटेत होतं, दोघांपैकी कुणी त्याचं नाव काढलं नव्हतं. मी माप लावलं, फुस्स झालं, काटा हलला.

"किती?"

"एकोणतीस."

"अगं मग मार की. मी बसणार आहे मागं."

पायाने मारायचा पंप लावला. मोजून मारला, पुन्हा माप लावलं. त्यांना काटा दिसत नाही. ते वाकून माझ्या तोंडाकडे बघत होते.

"बत्तीस," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी हेल्मेट चढवलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मागे बसले.